त्या घरचं साखरपाणी

प्रिय नोरा सिस्टर,

तुम्हाला माती देऊन अजून आठवडा झाला नाही आणि काल बेलफास्टहून तुमच्या भावजयीची तार आली. मदरनी मला मठात बोलावून ती वाचून दाखवली. तुमच्या आजारपणात उशाशी रेडिओ धरून मीच बसायची ना, म्हणून. सिस्टर, तुमचा पुतण्या जिवंत आहे! उपासाने त्याची शुद्ध हरपल्यावर त्याच्या आईनेच डॉक्टरांना सांगितलं, याला वाचवा. त्यांनी वाचवलं.

ही बातमी ऐकायला तुम्ही हव्या होतात, असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणत. तुम्ही असता तर ती तार तुम्हाला वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

काय महिने काढले आपण! तिकडे तुरुंगात तुमच्या पुतण्यासकट आयरिश पोरं अन्न सोडून बसलेली. आम्ही चोर-दरोडेखोर नाही, राजकीय कैदी आहोत, तसं वागवा, एवढंच त्यांचं म्हणणं. लंडनचं सरकार ऐकेना आणि पोरं एकामागून एक मरू लागली. संध्याकाळच्या बातम्यांत एखादं नाव आलं की तुम्ही छातीवर क्रूसाची खूण करायच्या, आणि ते आपल्या पोराचं नाही म्हणून मला हायसं वाटायचं. मग त्याचीच लाज वाटायची. त्या मेलेल्या पोरालाही आई असेलच की!

एकदा न राहवून मी विचारलं होतं, "सिस्टर, त्याच्या घरच्यांनी त्याले जबरदस्तीनं खाऊ घातलं तर?"

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तो त्याचा उपास आहे, कुंदा. त्यात दुसऱ्यानं हात घालायचा नाही."

हे तुम्ही पुतण्याबद्दल बोलत नव्हतात. माझ्या आईबद्दल बोलत होतात. इतक्या वर्षांनी, अंथरुणावरसुद्धा!

आणीबाणीतली गोष्ट. बाबांनी विणकर सोसायटीच्या सभेत उठून विचारलं होतं, आपल्या वाट्याचं सूत बाजारात कसं दिसतं? पुढच्याच आठवड्यात पोलीस त्यांना माग चालू असताना उचलून घेऊन गेले. खटला नाही, तारीख नाही. माणसं भडकवतो, एवढं सोसायटीच्या अध्यक्षांनी लिहून दिलं होतं म्हणे. सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. माझे सख्खे काकासुद्धा रस्ता बदलून जायचे.

तुम्ही मात्र मठाचा दवाखाना आटोपला की रोज यायच्या. आई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, तुम्ही शेजारी बसून सुताचा गुंता सोडवायच्या. तुमच्या भावालाही असंच खटल्याविना कोंडलं होतं, हे तेव्हाच तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. आणि आयर्लंडमधला तो फार जुना कायदाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय करणाऱ्याच्या उंबऱ्याशी उपाशी बसायचं. तो बाहेर उपाशी असताना घरातला जेवला, तर घरातल्याची इज्जत गेली.

आईचा चरखा थांबला. "असं असते? मग आपण बसू न वं सिस्टर!"

बाहेर जमावबंदी होती. तुम्ही हसून म्हणालात, "दोघींचा जमाव होत नाही." तुमच्या मुक्कामाचा परवाना रद्द होऊ शकत होता, मदरनी तसं बजावलंही होतं. तरी तुम्ही आईबरोबर अध्यक्षांच्या दारात बसलात. सिस्टर, आमच्यासाठी एवढं नात्यातल्या कोणी केलं नाही. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

एप्रिलचं ऊन! फरशीवर पाय ठेववत नव्हता. अध्यक्ष मुद्दाम खिडकीशी पाट मांडून जेवले, ढेकर रस्त्यापर्यंत ऐकू आला. पण दुसऱ्या दिवशी खिडकी लागली. त्यांची बायको दाराआडून डोळे पुसताना मी पाहिली. आतून भांडणाचा आवाज यायला लागला. लोक लांबूनच, पण थांबून पाहू लागले. मलासुद्धा वाटलं, हा माणूस आता उठतो, चौकीवर जातो आणि लिहून दिलेलं मागे घेतो.

आणि तुम्ही कोसळलात.

त्यानंतरचं तुम्हाला आठवत नसणार, म्हणून मीच सांगते. तुमचे ओठ निळे पडले होते, डोळे पांढरे. आई "पाणी, पाणी" ओरडत होती. अध्यक्षांची बायको धावत साखरपाण्याचा गिलास घेऊन आली. आईने तो तिच्या हातून ओढून घेतला, तुमचे दात बोटांनी उघडले आणि पाजलं. मागून अध्यक्ष बाहेर आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं ना? आमच्याच घरचं पेल्या. उठा आता."

त्याच घरच्या पाण्याने उपास मोडला, लोक पांगले. बाबा आणीबाणी उठली तेव्हाच सुटले, अर्धे होऊन.

नंतर कळलं की मुळात घोटाळाच झाला होता! तुमच्याकडच्या उपासात पाणी चालतं. आई आपली हरतालिकेसारखी निर्जळी बसली. तिला वाटलं, तुमचाच कायदा तसा असेल. तुम्हाला वाटलं, ही पाणी घेत नाही तर मी कशी घेऊ? दोघी एकमेकींच्या मानापायी कोरड्या राहिल्या आणि एकीनेही तोंड उघडून विचारलं नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

तुम्ही मात्र शुद्धीवर आल्यावर हसला नाहीत. "काहून पाजलं मले? तो उठणारच होता."

"तू मरणारच होती," आई म्हणाली.

बस, एवढंच बोलणं. पुढे तुम्ही भांडला असता तरी बरं झालं असतं. तुम्ही सभ्य झालात. "काहून वं" म्हणत आत शिरणाऱ्या तुम्ही आईला दारातूनच "बाई, तब्येत कशी आहे?" विचारू लागलात. आईला ते लागायचं. ती चरखा भराभर फिरवायची. बाबा सुटून आल्यावर दोघींना म्हणाले होते, "माह्यासाठी मरायले कोणी सांगितलं होतं तुमाले?" तरी तुमची अढी गेली नाही. का हो सिस्टर? एका बाईने मैत्रिणीचा जीव वाचवला, एवढं काही माफ न होण्यासारखं होतं?

मी खूप विचार केला आहे यावर. उपाशी बसणारा समोरच्याच्या लाजेवर भरवसा टाकतो. अध्यक्षांना थोडी तरी लाज होती, म्हणून खिडकी लागली. सरकारच्या घरात खिडकीशी कोण बसतं? तिथे उपासाची झळ पहिल्यांदा आईला लागते. तुमच्या पोरांची मागणी खोटी होती असं मी म्हणणार नाही, बाबा आत असताना मीही अशीच पेटले होते. पण मरणाऱ्याकडे पाहत बसायचं आणि त्याला न्याय म्हणायचं, हे मला जमत नाही. तुम्हाला जमायचं. तुमची भीती वाटायची ती याच्यासाठी.

काल घरी येऊन आईला तार सांगितली. ती चुलीपुढून उठली. "त्या पोराची माय कशी आहे?"

म्हटलं, पोरगा तिच्याशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तिले लिही. म्हणाव, शिव्या देईन तो तुले. जन्मभर देईन. देऊ दे. शिव्या द्यायले जित्ता आहे ना!"

सिस्टर, मी तिला लिहिणार आहे. कोराडीच्या शाळेत मुलांना शिकवते तेवढ्याच इंग्रजीत, जमेल तसं. तो तिच्याशी बोलेपर्यंत लिहीत राहीन आणि आईचं म्हणणं दर पत्रात घालीन. या गोष्टीवर तुमचं मत काय होतं, ते मात्र तिला कधी कळू देणार नाही. रागवायचं तर खुशाल रागवा माझ्यावर.

तुमच्याशी अजून भांडण न मिटलेली,
तुमचीच
कुंदा