टाइल्सखालचं मिठागर

महादेवकाका,

जुन्या वास्तू जपायचं शिक्षण घ्यायला तुम्हीच मला पुण्याला पाठवलंत. माझा प्रबंध आपल्या देवळाच्या भिंतीवर रंगवलेल्या मिठागराच्या चित्रावर आहे. आज पनवेल स्टँडवरून सरांना ते दाखवायला आणलं, तर त्यावर सिमेंट आणि गुलाबी टाइल्स! वर म्हणता, "तुजे सर येनार, मंग देऊल चकाचक नको?"

खरं मिठागर विमानतळाच्या भरावात गेलं, तेव्हा तुम्ही डंपरपुढे आडवे पडला होतात. चित्रातलं स्वतःच्या हातांनी गाडलंत!

दारातली संगमरवरी पाटी सरांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. 'जीर्णोद्धार मार्गदर्शक: कु. निशा म्हात्रे.' मी ती फोडणारच होते. पण तिला तुम्ही हार घातलाय. म्हणून हे पत्रच फाडते.

तुमची मार्गदर्शक,
निशा