ओंबीवरचा उंदीर

चिमूर
२६ ऑक्टोबर २०२४

चि. संघप्रिया हिस,
मामाचा मायेचा जयभीम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. फोनवर तुझा अर्धा आवाज एटापल्लीतच राहतो, त्यापेक्षा पत्र बरे. तुझ्या दवाखान्यात अशक्त लेकरांचा वॉर्ड आहे, भिंतींवर नुसत्या सूचना आहेत, त्या तिथल्या आयांना वाचता येत नाहीत आणि कंटाळून त्या उपचार अर्धे टाकून लेकरं घरी नेतात, हे वाचल्यापासून मला चैन नाही.

मामीचा भाचा गुलाब तिकडे येत आहे. त्याच्याजवळ खोका देतो. त्यात आपल्या बैठकीतली उंदरांची चित्रे आहेत. लहानपणी तू त्यांना घाबरून डोळे झाकून स्वयंपाकघरात पळायचीस, ती. मी नवा ड्रॉइंग मास्तर असताना नागपूरच्या फुटपाथवर एक पाठ मोडलेले जुने इंग्रजी पुस्तक मिळाले होते, त्यातली ही पाने. शंभर वर्षांहून जुनी असतील. कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर एकेक केस कोरला, छापून घेतला आणि वर हाताने रंग भरला. उंदरांच्याच गोतातली खार आहे, लांब शेपटीचा झाडावरचा उंदीर आहे, आणि गव्हाच्या ओंबीवर बसून दाणा खाणारा तो इवलासा.

मामी म्हणते, घरात एक उंदीर दिसला का काठी घेऊन धावता, अन् इथी काचेत घालून पूजता! आता तिची कटकट मिटली. चित्रे लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव, डॉक्टरांच्या नको. माझे पाहून झाले.

जपून राहा, माया आहेच ती राहू दे.
तुझा,
खुशालमामा

एटापल्ली
३ डिसेंबर २०२४

ती. मामांच्या सेवेशी,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. चित्रे लावली तेव्हा आमच्या कांताबाई, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस, म्हणाल्या की बाई, दवाखान्यात उंदरं लावता, मंग एखादं मांजर बी आणा! मलाही धाकधूकच होती.

आता ऐका. मंगली नावाची एक माडिया बाई मुलाला घेऊन आली होती. लालसू दोन वर्षांचा, पण तळहातावर मावेल असा. घास दिसला की तोंड फिरवायचा. धानकापणीचे दिवस, घरी काम पडलेले. मंगलीने आल्यापासून गाठोडे सोडलेच नव्हते. दाराकडे तोंड करून बसायची. ही जाणार आणि मूल हातचे जाणार, असे मी मनात धरूनच होते.

एका सकाळी ती ओंबीवरच्या उंदरासमोर थांबली आणि एकदम हसली. कांताबाईंना माडिया बोली येते. त्यांनी सांगितले की कापणीनंतर मंगली आणि तिचा भाऊ बांधावरची बिळे खणायचे. म्हणे उंदराच्या घरी आमच्यापेक्षा जास्त धान निघायचे! बाकीच्या आयाही जमल्या, प्रत्येकीजवळ उंदराची काहीतरी गोष्ट होतीच. इतका गलका त्या वॉर्डाने कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात मंगलीने चमचा काचेवर टेकवला, उंदराला एक घास दिला, आणि मग लालसूपुढे धरला. त्याने उंदराकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि तोंड उघडले. मामा, मी तिथून बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

त्या दिवसापासून तोच क्रम. गाठोडे सुटले. काल लालसू आपल्या पायाने घरी गेला. काच रोज खिरीने माखायची आणि मी रोज पुसायची. तुमचे उपकार कसे फेडू ते सुचत नाही.

तब्येत सांभाळा, आशीर्वाद असू द्या.
आपली,
संघप्रिया

चिमूर
६ जानेवारी २०२५

चि. संघप्रियाले,
मामीचा जयभीम.

इकडे सारं बरं हाय असं लिवलं असतं, पण तुले खोटं काऊन सांगू? तुह्या मामाच्या डोळ्याईचे पडदे खराब झाले. एका डोळ्यानं दिसतच नाई. दुसऱ्याचं डॉक्टर म्हणते, हाय तेवढं टिकवू, पण गेलेलं वापस येत नाई. चित्रं देली तेव्हाच त्याईले मालूम होतं. तुले सांगू नोको म्हणे.

तुहं पत्र मी त्याईले कितीकदा वाचून दाखवलं. लय खुश होते. पण सकाळी उठून त्या रिकाम्या खिळ्याईपाशी जाऊन उभे राह्यते. मी जलमभर त्या उंदराईले नावं ठेवली, अन् आता ती भिंत मलेच पाहवत नाई.

पोरी, तो ओंबीवरचा तेवढा वापस पाठव. दिसते तवर पाहू दे त्याईले. मी लिवलं म्हणून सांगू नोको.

तुही,
बायनामामी

एटापल्ली
१५ जानेवारी २०२५

ती. मामीच्या सेवेशी,
जयभीम. वि. वि.

गुलाबदादा पुन्हा इकडे आला होता, तो आता परत येत आहे, त्याच्याजवळ चित्र देत आहे. हे आधीच का कळवले नाही म्हणून मामांवर रागावले आहे, त्यांना सांगू नकोस.

लालसूच्या जागी आता एक मुलगी आहे. तीही ओंबीवाल्या उंदरासमोरच जेवते. तिच्या आईला कसे सांगावे ते मला कळेना. कांताबाईंनी सांगितले तेव्हा ती स्वतः उठली, भिंतीवरून चित्र काढले आणि पदराने काच पुसून माझ्या हातात दिले. म्हातारा माणूस आहे, त्याला पाहू दे, म्हणाली. आता मुलगी खारीसमोर बसून जेवून पाहते आहे. अजून नीट जमत नाही, पण जमेल.

तुम्हा दोघांची,
संघप्रिया

चिमूर
२१ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस,
जयभीम. वि. वि.

अक्षर मामीचे, बोलणे माझे. तिने गुपचूप लिहिलेले आणि तू तिला लिहिलेले, सारे आता उघड झाले आहे.

चित्र पोचले. खिडकीशी उन्हात धरून पाहिले. ओंबी पिवळी पुसटशी दिसली, उंदीर म्हणजे एक तपकिरी ठिपका. वाईट वाटले, खोटे बोलत नाही. बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसलो. मग ध्यानात आले की त्याची एकेक मिशी मला पाठ आहे, डोळे मिटले तरी दिसते. मला त्याने जन्मभर दिले. त्या लेकराचे जेवण मात्र अडले आहे.

आयुष्यभर मुलांना चित्रे काढायला शिकवली. त्यातले किती पुढे चित्रकार झाले, कोण जाणे. पण भिंतीवरच्या एका उंदराने उपाशी लेकराचे तोंड उघडले, हे मला या वयात ऐकायला मिळाले, ते तुझ्यामुळे. मी उपकार केले असे लिहू नकोस. उपकार त्या मंगलीचे, आणि पदराने काच पुसून देणाऱ्या बाईचे.

(मधात मी लिवतो. हे रडून राह्यले. पण चांगलं रडू हाय, तू घाबरू नोको. मामी.)

शनिवारच्या बसने आम्ही दोघे येतो. चित्र माझ्या मांडीवर असेल, कुणाच्या हाती देणार नाही. त्या मुलीचे नाव तू लिहिले नाहीस, ते विचारून ठेव. खिळा ठोकण्याआधी तिला हाक मारून विचारायचे आहे, की बाई, कुठे लावू?

भेटीपर्यंत माया धरून राहा.
तुझा,
खुशालमामा