कळकाची पिंपे उषाच्या नावे

मी, सारजाबाई बहिरू ढमाले, राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, वय सत्तरीच्या पुढे (नक्की साल आईला ठाऊक होते, ती गेली), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत लावला आहे. घरात माझे डोके फिरले म्हणणारे दोघे आहेत, त्यांच्याकडे दाखला नाही. शाळा दुसरीपर्यंत. म्हणून कायद्याची वाक्ये वकिलाच्या नमुन्यावरून घेतली, बाकीची माझी. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघावी.

१. दिवाळीनंतर केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझी कळक, म्हणजे बांबू, लावलेली चारही पिंपे मुलीकडे, गौतमीकडे, साताऱ्याला पाठवावीत असे लिहिले होते. कारण सून उषा माझ्यामागे कळक एक हिवाळाही जगू देणार नाही अशी माझी खात्री होती. लग्न होऊन आल्यापासून तिचे एकच, "दारात तिरडीचं सामान कोण वाढवतं, आत्याबाई?"

२. घर मुलगा जनार्दन याचे. भाडेकरूंच्या खोल्याही त्याच्याच. मात्र पूर्वेच्या भिंतीलगतची मोकळी जागा उषाच्या नावे, पिंपांसकट. जनार्दनला तिथे आणखी एक खोली काढून हिंजवडीला नोकरी करणारे पोरगे भाड्याने ठेवायचे आहे. ते होणार नाही. थंडीत कळकाला सकाळचे ऊन लागते आणि घाटाकडचा वारा सोसत नाही. ही भिंत दोन्ही गोष्टी करते. जनार्दन दोन्हीतली एकही करत नाही.

३. हे बांबू आमच्या ओढ्याकाठच्या बेटातले. जमीन कंपनीच्या प्लॉटात गेली त्या दिवशी आमच्या मालकांनी सह्या केल्या आणि मी कुदळ घेतली. कोंबांसकट गड्डे काढून डोक्यावरून आणले. जमिनीचे जे आले त्यात घर झाले, मोटरसायकल झाली, भाऊबंदकी झाली. त्यातले हिरवे एवढेच राहिले.

४. आता उषाच्या नावे का, ते लिहिते, म्हणजे गौतमी भांडायला येणार नाही.

पौषात माझी छाती भरली. दवाखान्यात तोंडावर नळीची वाटी बांधली, बोलता येईना. उषा खाटेजवळ वाकून म्हणाली, "आत्याबाई, पिंपांना पाणी कसं घालू?" मला वाटले, विचारते आणि करणार उलटेच. तरी अंगठा बोटाच्या दुसऱ्या पेरावर ठेवून दाखवला. म्हणजे मातीत बोट घाल, दोन पेरे कोरडी लागली तरच पाणी दे.

पायथ्याशी माझे धाकटे दीर कुशाबा उभे होते. त्यांनी अंगठा पेरावर पाहिला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितले, "वहिनी दिवस मोजतीया. दोनच म्हणती." आमच्याकडे दिवस पेरांवरच मोजतात, हे खरे. पण मोजणाऱ्याला विचारतातही.

भाऊजी आपल्या घरून कोयता घेऊन तडक आमच्या घरी गेले. म्हणे तिरडीला बांबू घरचेच हायेत, ऐन वेळी पौडपर्यंत कोण पळणार. उषा तोवर घरी येऊन फवारणीच्या पंपाने पानांना रिठ्याचे पाणी मारत होती. पुढचे मला भाडेकरीण मृण्मयी हिने सांगितले. ती सुट्टी म्हणून घरी होती आणि खिडकीत उभी होती.

उषा म्हणाली, "आबा, माणूस जित्तं हाय."

"व्हय, पण किती?"

"कोयता खाली ठेवा."

"तुलाच नकु हायेत ना ही? जातील एकदाची. लई दिस बोंबलत हुतीस."

"मी बोंबलीन. तुमी हात लावायचा न्हाई."

त्यांनी तरी एका कळकाला हात घातला. उषाने पंप वळवून रिठ्याचे पाणी त्यांच्या तोंडावर मारले. किडीवर मारतात तेच, तेवढेच घट्ट. भाऊजी डोळे चोळत घरी गेले. कोयता राहिला.

माघ लागताना मी घरी आले. आधी पिंपांकडे गेले, देवाकडे नंतर. पाने उलटी करून पाहिली. लाल कोळ्याची जाळी नाही. पेराच्या बेचक्यात कापसासारखी चिकट कीड धरते, तीही नाही. पिंपांखाली विटा घातलेल्या, पाणी साठलेले नाही. मातीत बोट घातले, दोन पेरे कोरडी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला. डॉक्टर म्हणाले औषधाने, म्हणू देत.

मी उषाला चांगली म्हणत नाही. तिच्या भाकरीला काठ नसतात. पण हे काम तिला येते.

५. उषाने लक्षात ठेवावे: थंडीत शेणखत घालायचे नाही. कोंब येत नसताना खाऊ घातले की मुळे कुजतात. पाणी ऊन वर आल्यावर. कळकाची गळलेली पाने पिंपात राहू द्यावीत, किडकी तेवढी काढावीत. रिठे आठवडी बाजारातून आणावेत, जनार्दनला पाठवू नये, तो शिकेकाई आणतो.

६. अंगावरचे दागिने गौतमीला. पिंपांवर तिचा हक्क नाही. बघायला यावे, चहा मिळेल.

७. दीर कुशाबा यांना त्यांचा कोयता परत द्यावा. मी त्याने सरपण फोडले आहे, धार गेली आहे. तसाच द्यावा.

८. माझ्या तिरडीला बांबू विकत आणावेत. पौडपर्यंत भाऊजींनीच पळावे.

९. माझ्या राखेची एक मूठ पिंपांत घालावी अशी इच्छा आहे. पण थंडीत गेले तर घालू नये, वरचे पाचवे कलम वाचावे. मग गाडगे भिंतीशी झाकून ठेवावे आणि नवे कोंब दिसले की घालावी. कधी, ते उषा बोट घालून ठरवेल.

हे मी वाचून पाहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: सारजाबाई बहिरू ढमाले

साक्षीदार:
१. मृण्मयी, भाडेकरू, मूळची अकोल्याची (खिडकीतून पाहिले ते खरे आहे असेही सांगते)
२. नरहरी, शेजारी, राहणार भरे

ठिकाण: भरे, पूर्वेच्या भिंतीशी, उन्हात
दिनांक: ११ फेब्रुवारी २००७