तळ्यावरची दहा पावलं

शनिवार, जुलै, इथला ऐन हिवाळा. संध्याकाळी, लॉजवर

कॅन्सर वॉर्डाच्या मदतीसाठीचा ट्रेक झाला एकदाचा. बायकोची, मंजिरीची, केमो संपल्यापासून मी तिचा हात सोडलेला नाही, अगदी घराजवळ, ट्रुगानिनात दूध आणायला जातानासुद्धा. आणि आज गोठलेल्या तळ्याच्या काठावर गाइड म्हणतो, "दोघांत दहा पावलं अंतर ठेवा, मेट." बर्फावर एका जागी वजन नको म्हणून. दहा पावलं! मी तिचा हात आणखी घट्ट धरला. मंजिरी मात्र तो सोडवून निघालीसुद्धा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिनं. इतकी ताठ कधीपासून चालायला लागली ही? की हात धरून चालताना मी कधी बघितलंच नाही? दहा पावलांवरून दिसली.

पलीकडच्या काठावर तिनंच हात पुढे केला. "धर आता," म्हणाली, "किती थरथरतोयस!"