दोन्ही डावेच

बाबा,

ट्रकच्या मागच्या चाकाचा शाफ्ट बदलून आणायला दुकानात जातेय. तुम्ही आणलेले दोन्ही डावेच निघाले. उजवीकडे बसेना, तरी सकाळभर मी ठोकतच बसले. शेवटी जुन्याशेजारी ठेवून पाहिला, तर चार बोटं आखूड! मनाला लावून घेऊ नका, दुकानदाराचीच चूक असणार. त्याची चांगली खरडपट्टी काढते.

ट्रकला हात लावू नका. उजवा शाफ्ट बाहेर आहे, त्यामुळे गिअर टाकला तरी गाडी जागेवर थांबणार नाही, आणि हँडब्रेक तर कधीचाच गेलाय. चाकांखालचे दगड तेवढे धरून आहेत. ते वाटेत येतात म्हणून कालच्यासारखे उचलून ठेवू नका.

जेवण झाकून ठेवलंय. गार झालं तरी तसंच खा, गॅस पेटवू नका.

चिठ्ठी मुद्दामच स्टिअरिंगला चिकटवलीय. घरात ठेवली असती तर तुम्हाला दिसलीच नसती. वाचून झाली की खाली उतरा. किल्ली माझ्याकडे आहे.

संध्याकाळी शाफ्ट बसवताना शेजारी बसा. डोळे मिटून, नुसत्या हातानं डावा-उजवा ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत. परत एकदा शिकवा.

तुमची क्लीनर