शिडं काढलेली बोट

तीर्थस्वरूप दाजी यांस,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला लागली, उरलेली मनोभावे टेकवली असं समजावं). ताईची तब्येत कशी आहे? तुमच्या गुडघ्याचं काय झालं? मागच्या खेपेला जिना चढताना तुम्ही दर पायरीवर थांबून जहाजावरचा एकेक किस्सा सांगत होतात, त्यावरून गुडघा बराच दुखत असावा असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे सर्व ठीक. तुमची भाची बरी आहे, तिची आई बरी आहे आणि मी नोकरीला लागलो आहे.

शेवटचं वाचून चष्मा पुसला असेल तर पुन्हा घाला, खरंच आहे ते. भाचीची सहा माणसांची कंपनी तुम्हाला ठाऊक आहेच (टायरच्या दुकानावर दुसरा मजला, जिन्यात रबराचा वास आणि आत गेलं की हुडहुडी). कॉम्प्युटरवर जहाज चालवण्याचे खेळ बनवतात. यंदाचा खेळ अगदी सुरुवातीच्या वाफेच्या बोटींचा, दोन्ही बाजूंना भली मोठी चाकं असायची त्यांचा. सगळं त्या काळी होतं तसंच हवं, हा तिचा हट्ट. आता वाफेतलं कळणारा माणूस घरातच होता. हॉस्पिटलच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं काढली. चादरी धुतल्या जायच्या आणि अवजारं उकळायची ती माझ्या वाफेवर. ती म्हणाली, बाबा, जरा येऊन बघाल का? (ती फक्त ‘जरा’ म्हणाली होती, याची तिची आई मला रोज आठवण करून देते.) गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं, त्यावर ‘ऐतिहासिक सल्लागार’ असं लिहिलं आहे. फोटोत मी रागावलेला दिसतो, पण तो हॉस्पिटलच्या जुन्या कार्डावरचा आहे.

पहिल्याच दिवशी पाहतो तर बटण दाबलं की बोट चालू. मी म्हटलं, ही काय स्कूटर आहे? गार बॉयलरला वाफ धरायला तासन्‌तास लागतात. मग चार तास बोट धक्क्यालाच उभी राहील असं ठरलं. खेळ तपासणारी मुलगी सकाळी भट्टी पेटवून बसली, जेवून आली, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, तरी बोट जागची हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी काढून टाकली. आवाजाचं काम पाहणाऱ्या माणसाने ती कुठल्याशा जुन्या इंजिनापाशी जाऊन मोठ्या कष्टाने टिपून आणली होती. पण पहिल्यावहिल्या बोटींना वाफेची शिट्टी नव्हतीच, हे मी ग्रंथालयातल्या जाड पुस्तकात बाराव्या पानावर वाचलं होतं. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं, पण बाकीच्यांत माझं वजन वाढलं. तेरावं पान मी उघडलं नाही. बारा पानांत एवढा मान मिळत असेल तर माणूस पुढे कशाला जाईल?

मग मी सुटलोच. दाब शंभर पौंड लिहून दिला, कारण आमच्याकडे शंभर असायचा. पाण्याला नळ दिला. खेळणाऱ्याने दर तासाला नोंदवही भरून सही करायची, नाहीतर बोट बंद, हेही घातलं (हॉस्पिटलात हा नियम होता आणि तिथेही तो कोणाला आवडत नव्हता). शेवटी नजर डोलकाठ्यांवर गेली. घरात बॉयलर असताना शिडं कशाला? चित्रं काढणाऱ्या बाईंनी त्या शिडांवर तीन आठवडे घालवले होते, शिवण न्‌ शिवण दिसायची. त्यांनी भाचीकडे पाहिलं, भाचीने खिडकीबाहेर पाहिलं आणि शिडं गेली. त्यानंतर आमची बोट अशी सुसाट पळू लागली की एकतीस वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

काल शनिवारी जुन्या जहाजांचा नाद असलेल्या एका मंडळाची माणसं तपासणीला आली. या मंडळाने ‘बरोबर आहे’ म्हटलं तरच खेळ बाजारात नेऊ, अशी वितरकाची अट. नाहीतर महिनाअखेर दुसऱ्या मजल्याला कुलूप आणि सहाही जण घरी. यंत्रासमोर मी बसलो होतो, कारण दाखवायचा मान सल्लागाराचा (असं मीच ठरवलं). सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, भर समुद्रात बॉयलरला पाणी कुठून घेता? मी म्हटलं, टाकीतून. त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडला, तेव्हा टाकी बोटीपेक्षा मोठी निघाली. मग म्हणाल्या, समुद्राचंच पाणी घ्यायचे ना? त्याचं मीठ साचायचं, ते कधी काढता? मी म्हटलं, त्याची नोंद आहे. कोळसा संपला की शिडांशिवाय परत कसे येता? त्याचीही नोंद आहे, म्हटलं. बाईंनी वहीत दाबाचा तो ‘१००’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. भाची शांतपणे एवढंच म्हणाली, की सोमवारी दुरुस्त प्रत दाखवते. घरी येताना वाटेत थांबून तिने माझ्या आवडीची भजी घेतली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, दाजी.

असो. हे सगळं आपलं करमणूक म्हणून लिहिलं. त्यावर तुमचं काही मत हवंच असं नाही. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला मेहुणा

ता. क. : लिहायला बसलातच तर एका वेगळ्या कागदावर एवढं लिहा: दाब किती असायचा, मीठ किती तासांनी काढायचे, शिडं किती आणि कोळसा किती दिवस पुरायचा. उद्या सकाळच्या आत हवं. फोनच केला असता, पण फोनवर तुमचं हसणं ऐकू येतं.

ता. क. दुसरा : तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा अंगाने किरकोळ म्हणून तुम्हाला हातोडी देऊन जुन्या बोटीच्या बॉयलरमध्ये मीठ फोडायला उतरवलं होतं, ही गोष्ट तुम्ही दर कार्याला काढता. आणि दर वेळी मी चारचौघांत म्हणतो, दाजी, मीठ स्वयंपाकघरात असतं. सगळे हसतात. ते वाक्य मी मागे घेतो आहे.

ता. क. तिसरा : पाकीट भाचीच्या हाती देत होतो. ती दर रविवारी तुमच्याकडे येते ती ताईची औषधं पोचवायला, असं मी समजत होतो. आत काय आहे विचारलंन्‌ तेव्हा सांगावं लागलं. मग तिनेही सांगितलं. सहा महिने तुम्ही तिला वह्याच्या वह्या लिहून देत आहात. मीठ, दाब, कोळसा, सगळं घातलेली प्रत तयार आहे, शिडं शिवणींसकट जागेवर आहेत. माझ्या दुरुस्त्या एका निराळ्या प्रतीत केल्या जात होत्या, तिचं नाव ‘बाबा’. काल यंत्रासमोर मी होतो, म्हणून मी तीच उघडली. मग मला बोलावलंस कशाला, विचारलं, तर म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुम्ही कुकरच्या शिट्ट्या वहीत लिहायला लागला होतात. आणि तुम्ही तिच्याकडून वचन घेतलं होतं म्हणे, की यातलं बाबाला कळू द्यायचं नाही, तो हिरमुसेल.

आधी मला राग आला. मग लाज वाटली. तुमच्याबद्दल आज जे वाटलं ते तीस वर्षांपूर्वीच वाटायला हवं होतं.

तेव्हा उत्तरं लिहीत बसू नका. भाचीबरोबर मीच येतो आहे, पत्र हातातच देईन. तुम्ही ती मिठाची गोष्ट सांगा. बॉयलरमध्ये उतरल्यावर पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तिथपर्यंत मी तुम्हाला कधी पोचूच दिलं नाही.