जहागीरदाराच्या बागेतलं जहाज

हिंगोली, कार्तिक, १९४८. संध्याकाळ.

पाय भरून आलेत, तरी लिहितेच. जहागीरदार गाव सोडून गेल्यापासून त्यांची बाग उघडीच आहे. आज नणंदेला, गोदीला, तिथं नेलं. छत्र्या धरलेल्या बायकांचे चुन्याचे पुतळे, अन् जहाजासारखा बांधलेला बंगला. गोदी म्हणाली, "इथं पाणी न्हाई, मंग जहाज काहून बांधलं?" आणि हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्याच जहाजाच्या पायरीवर बसून तिनं पाठीवरचे वळ दाखवले. "वहिनी, उद्या सासरचे न्यायला येतील. मला पाठवू नका."

मी आधीच काहून विचारलं नाही?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. मग उठून बहिणीचं उद्यासाठी बांधून ठेवलेलं गाठोडं त्यांनी स्वतःच सोडलं.